अटेन्युएशन वेगळं, अल्कोहोल टॉलरन्स वेगळा: जाड बिअर अर्ध्यात का थांबते

ड्राय एल यीस्टची, म्हणजे एल जातीच्या बिअरसाठी पाकिटात मिळणाऱ्या कोरड्या यीस्टची, माहिती बघितली की त्यात दोन टक्केवाऱ्या दिसतात, एक अटेन्युएशनची आणि दुसरी अल्कोहोल टॉलरन्सची. साधी ४-५ टक्क्यांची बिअर करणाऱ्याला या दोन्हीतला फरक कळला नाही तरी त्याचं काही अडत नाही, बिअर होऊन जाते. पण एकदा का १० टक्क्यांच्या पुढं जायचं ठरवलं, बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउटसारखी जाड, म्हणजे भरपूर साखरेपासूनची कडक बिअर करायला घेतली, की नेमका तिथंच घोळ सुरू होतो.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. तिथं १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला लायसन्स लागत नाही. तो आणि त्याचे मित्र फोनवर फिरून फिरून एकच विचारतात, "मामा, यीस्ट १२ टक्के सहन करतं असं लिहिलंय, मग आमची १० वरच का अडकली?" (आपल्याकडं मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा आहे, त्यामुळं जळगाव-धुळ्यात बसून हा उद्योग करायला जाऊ नका. समजून घ्यायला कोणाची ना नाही.)

तर आधी सरळ सांगतो. अटेन्युएशन म्हणजे वोर्टमधल्या (माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, न आंबलेल्या गोड पाण्यातल्या) साखरेचा किती हिस्सा यीस्ट खाणार. टॉलरन्स म्हणजे आपणच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये ते किती टक्क्यांपर्यंत तग धरणार. पहिलं ठरतं यीस्टला कुठली साखर पचते त्यावर आणि वोर्टमध्ये कुठल्या साखरा आहेत त्यावर, दुसरं ठरतं त्याच्या पेशीच्या भिंतीआडचं जे पातळ आवरण असतं ते किती दमदार आहे त्यावर. दोन्हीचा शेवट सारखाच दिसतो, म्हणजे बुडबुडे बंद, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) एका जागी उभा. म्हणूनच माणूस फसतो.

आपल्या खानदेशातल्या माणसाला हा फरक चटकन का कळत नाही त्यालाही कारण आहे. मी तापीच्या पट्ट्यात मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये काम केलंय, आणि सातपुड्याकडं नंदुरबारच्या डोंगरात मोहाच्या फुलांचा सडवा कसा लावतात तेही बघितलंय. मळी म्हणा, मोहाची फुलं म्हणा, त्यात आंबणारी साखर असते ती सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, सगळी साधी, कुठलंही यीस्ट ती खातं. तिथं साखर शिल्लक असताना वॉश (आंबवायला ठेवलेलं मिश्रण) आंबायचा थांबला की आपण लगेच म्हणतो, यीस्ट दमलं, नाहीतर उष्णतेनं मेलं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ कडं जातो तेव्हा टाकीला थंड पाणी फिरवलं नाही तर हेच होतं, कारण उष्णता वाढली की तेवढंच अल्कोहोल यीस्टला जास्त बाधतं. पण माल्टच्या वोर्टचं गणित असं एकपदरी नसतं. त्यात साधारण निम्मी साखर माल्टोज, थोडं ग्लुकोज, दहा-पंधरा टक्के माल्टोट्रायोज (तीन ग्लुकोज जोडून झालेली साखर), आणि उरलेल्यात बराच भाग डेक्स्ट्रिनचा (त्याहून लांब साखळीचा), जो साधं एल यीस्ट खातच नाही. माल्टोट्रायोज काही यीस्टला पचतं, काहींना नाही. म्हणजे यीस्ट ठणठणीत, अल्कोहोल अजून मर्यादेच्या आत, तरी बिअर थांबलेली, असं इथं होऊ शकतं. मळीवाल्याला हे पटायला वेळ लागतो.

घरातलं सांगायचं तर कळण्याच्या भाकरीच्या पंगतीला बसलेले दात नसलेले आजोबा डोळ्यासमोर आणा, ते संध्याकाळपर्यंत पानावर बसतील, भरीत चाटूनपुसून संपवतील, पण भाकरीचा काठ तसाच राहणार. बसायची ताकद म्हणजे टॉलरन्स, दात म्हणजे अटेन्युएशन.

आता आकडे घेऊन बघू, त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. समजा वोर्टची सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाणी १.००० धरून घनता) १.११० आहे, म्हणजे पाण्याच्या वर ११० पॉइंट. लालेमांड कंपनीच्या विंडसर यीस्टचं अटेन्युएशन ६५ ते ७२ टक्के आणि टॉलरन्स १२ टक्के. ७० टक्के धरलं तर ११० पॉइंटमधले ३३ उरतात, म्हणजे बिअर १.०३३ ला थांबणार. उतरलेली ग्रॅव्हिटी गुणिले १३१.२५ म्हणजे अल्कोहोलचे टक्के, म्हणून टॉलरन्सच्या बाजूनं मोजलं तर १२ ला १३१.२५ नं भागायचं, येतात साधारण ९१ पॉइंट, ते ११० मधून गेले की १.०१९. म्हणजे टॉलरन्स म्हणतो १.०१९ पर्यंत जाऊ शकतो, अटेन्युएशन म्हणतं १.०३३ लाच माझं जेवण झालं. यातला जो आकडा वर असेल तिथं बिअर थांबते. भाच्याची १.०३४ ला थांबली होती, ७६ पॉइंट उतरले, म्हणजे जवळपास १० टक्के. त्याचं यीस्ट अडकलं नव्हतंच हो, विंडसर माल्टोट्रायोज खातच नाही, त्यानं त्याचं काम पूर्ण केलं होतं.

तीच वोर्ट सॅफएल यूएस-०५ या यीस्टला द्या. कंपनी त्याचं अटेन्युएशन ७८ ते ८२ सांगते आणि टॉलरन्स ९ ते ११. ८० टक्क्यांनी १.०२२ यायला पाहिजे, पण ११ टक्क्यांचे होतात ८४ पॉइंट, म्हणजे १.०२६. इथं उलटं झालं, दात आहेत पण दम आधी संपतो. आणि नॉटिंगहॅम यीस्ट घेतलं तर अटेन्युएशन ८० च्या आसपास आणि टॉलरन्स १४, ते १.०२२ च्या जवळपास जाऊन शांत बसेल, दमायची वेळच येणार नाही. (हे १३१.२५ चं सूत्र जाड बिअरला अल्कोहोल जरा कमीच दाखवतं, पण अंदाजाला पुरतं. आणि रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा आंबायला लागल्यावर तसाच घेऊ नका, अल्कोहोलमुळं तो चुकतो, हायड्रोमीटरच वापरा.) अजून एक, कंपनी अटेन्युएशन काढते ते साध्या ग्रॅव्हिटीच्या वोर्टवर, १.११० च्या वोर्टवर नाही, त्यामुळं जाड बिअरला त्यातला खालचा आकडा धरून चालावं असं माझं मत आहे.

फरक न कळल्यामुळं जी गोष्ट सर्रास केली जाते ती म्हणजे बिअर थांबली की त्यात शॅम्पेनचं यीस्ट टाकणं. ईसी-१११८ या शॅम्पेन यीस्टचा टॉलरन्स १८ टक्के आहे, तो आकडा बघून कोणालाही वाटतं की हा पहिलवान आणला की काम झालं. पण वाइनच्या यीस्टला द्राक्षाच्या साध्या साखरेची सवय, माल्टोट्रायोज त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नीट पचत नाही. म्हणजे विंडसरनं जे सोडलं तेच हेही सोडणार. वर ईसी-१११८ किलर जातीचं आहे, ते असं प्रथिन सोडतं की बरीच एल यीस्ट मरतात, मग नंतर नॉटिंगहॅम टाकून काही सुधारायचं म्हटलं तर ती वाटही अवघड होऊन बसते. मला या सल्ल्याचा खरंच राग येतो, कारण जो तो ठोकून देतो आणि समोरच्याचे दोन महिने पाण्यात जातात.

मग आपली बिअर नेमकी कशामुळं थांबली ते ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे वरचं गणित. दुसरं, चव घेऊन बघा. डेक्स्ट्रिन फारसं गोड लागत नाही, तोंडात नुसतं जाड लागतं, पण जिभेवर चिकट गोडवा असेल तर खाण्याजोगी साखर शिल्लक आहे असं समजा. तिसरा आणि खात्रीचा उपाय म्हणजे दोन बरण्या. थांबलेल्या बिअरचे दोन नमुने काढायचे, एकात आधी वापरलं तेच यीस्ट ताजं आणि भरपूर, दुसऱ्यात नॉटिंगहॅमसारखं माल्टोट्रायोज खाणारं. ड्राय यीस्ट कोरडंच १० टक्के अल्कोहोलमध्ये भुरभुरवलं तर बिचारं तिथंच मरतं, त्यामुळं आधी कोमट पाण्यात भिजवायचं, मग थोड्या पातळ वोर्टवर चढवायचं, चांगला फेस आला की मगच नमुन्यात ओतायचं, अन् किती ओतलं ते लक्षात ठेवायचं, कारण त्या पातळ वोर्टमुळंही आकडा थोडा हलतो. बरण्या २५ अंशांच्या आसपास ठेवून अधूनमधून हलवायच्या आणि काही दिवसांनी हायड्रोमीटर बुडवायचा. दोन्ही खाली उतरल्या तर मूळ यीस्ट दमलं होतं. फक्त दुसरी उतरली तर माल्टोट्रायोज उरलं होतं. दोन्ही ढिम्म राहिल्या तर उरलंय ते डेक्स्ट्रिन, आणि त्याचं मूळ मॅशमध्ये (माल्ट गरम पाण्यात ठेवून साखर काढायची पायरी), तिथं तापमान ६९-७० ला गेलं असणार.

कारण वेगळं तसा इलाजही वेगळा. अटेन्युएशन कमी पडत असेल तर मॅश ६३ ते ६५ अंशांवर जास्त वेळ ठेवा, दुसरं यीस्ट निवडा, नाहीतर माल्टचा थोडा भाग कमी करून साखर घाला. दम कमी पडत असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, तिथं यीस्टची सुरुवातच मजबूत पाहिजे. २० लिटरला ११ ग्रॅमचं एक पाकीट साध्या बिअरला चालतं, १.११० ला मी दोनच्या खाली जाणार नाही. यीस्ट त्याच्या दहापट वजनाच्या ३०-३५ अंशांच्या पाण्यात भिजवून टाकायचं, कारण इतक्या गोड वोर्टमध्ये कोरडी पेशी पडली की तिच्यातलं पाणीच ओढलं जातं. ऑक्सिजनचंही तसंच. ड्राय यीस्टच्या पेशीत कारखान्यातूनच स्टेरॉल भरून येतं, म्हणून साध्या बिअरला हवा नाही दिली तरी निभतं, पण जाड बिअरमध्ये पेशी वाढताना ते वाटलं जातं, प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतं, आणि आवरण मजबूत ठेवायला तेच तर लागतं. म्हणून यीस्ट टाकताना वोर्ट चांगली हलवून हवा द्या. नंतर मात्र नाही, नंतरच्या हवेनं बिअरची चव जाते. तापमान सुरुवातीला १८ च्या आसपास, आणि शेवटी शेवटी दोन-तीन अंश वाढवलं तर बरं.

साखर घालण्यात मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात, तिथं जपून. साखर पूर्ण खाल्ली जाते म्हणून अटेन्युएशनचा आकडा छान दिसतो, पण अल्कोहोल वाढल्यानं यीस्टवरचा भार वाढतो. म्हणून ती पहिल्या दिवशी न घालता फेस बसायला लागल्यावर थोडी थोडी घालावी, तोवर यीस्टनं माल्टोज खाऊन घेतलेलं असतं, नाहीतर ते साधी साखर आधी संपवतं आणि अवघड काम थकल्यावर उरतं.

या सगळ्याचा सर्वात मोठा फरक पडतो बाटल्या भरताना. थांबलेलं यीस्ट नुसतं दमलेलं असेल आणि खाण्याजोगी साखर शिल्लक असेल तर बाटलीत ते हळूहळू पुन्हा जागं होऊ शकतं आणि बाटल्या फुटतात, काचा लागून माणूस जखमी होतो, हे गमतीत घेऊ नका. उलट विंडसरसारखं आपलं खाऊन थांबलेलं असेल आणि ग्रॅव्हिटी दोन-तीन आठवडे तीच असेल तर १.०३४ लाही बाटली भरता येते, फक्त भांडी स्वच्छ पाहिजेत, कारण सेझॉन नावाच्या बिअरच्या काही यीस्टमध्ये डेक्स्ट्रिनही फोडणारा एन्झाइम असतो आणि मागच्या वेळचं तसलं यीस्ट नळीत चिकटून राहिलं असेल तर सगळा हिशोब चुकतो. आणि १०-११ टक्क्यांच्या बिअरमध्ये जुनं यीस्ट इतकं थकलेलं असतं की बाटलीत गॅस धरायलाही त्याच्यात जीव नसतो, तिथं सीबीसी-१ (बाटलीत गॅस धरण्यासाठीचं यीस्ट) किंवा तेच ईसी-१११८ चिमूटभर टाकलं तर चालतं, कारण बाटलीत घालायची साखर साधीच असते आणि उरलेल्या माल्टोट्रायोजला सीबीसी-१ हात लावत नाही.