पानं रात्र मोजतात

‘ऊन तापलं की रानफुलं फुलतात’ हे वाक्य शाळेतल्या निबंधापासून फोटोंखालच्या ओळींपर्यंत सगळीकडे भेटतं. पण उष्मा हा भरवशाचा निरोप्या नव्हे. एखाद्या वर्षी तो लवकर येतो, एखाद्या वर्षी उशिरा. तरी युरोपात पिवळ्या फुलांचं एक रानटी रोपटं दरवर्षी जूनच्या अखेरीस, २४ तारखेच्या संत जॉनच्या सणाच्या आसपास, फुलू लागतं. त्यावरूनच त्याला सेंट जॉन्स वर्ट हे नाव पडलं. पंचांगाशिवाय त्याला तारीख कळते कशी?

पहिला धागा मिळाला तंबाखूच्या शेतात. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचं तंबाखूचं वाण उन्हाळाभर नुसतं उंच वाढायचं, फुलायचं मात्र नाही. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याची रोपं भर उन्हाळ्यात रोज काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि ती फुलली! १९२०मध्ये त्यांनी जाहीर केलं की कळीचा मुद्दा दिवसाच्या लांबीचा आहे. मग वनस्पतींची ‘लघुदिन’, म्हणजे दिवस लहान असताना फुलणाऱ्या, आणि ‘दीर्घदिन’, म्हणजे दिवस मोठा असताना फुलणाऱ्या, अशी वाटणी झाली. सेंट जॉन्स वर्ट आणि निळी चिकोरी दीर्घदिन गटातल्या.

पण ही नावं थोडी फसवी आहेत. १९३८मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियमवर, म्हणजे कपड्यांना काटेरी फळं चिकटवणाऱ्या शंखेश्वराच्या कुळातल्या तणावर, प्रयोग केले. हे तण लघुदिन गटातलं. दिवसा थोडा वेळ अंधार केला, तर त्याला फरक पडेना. उलट लांब रात्रीच्या मध्यावर मिनिटभर दिवा लावला, की फुलणं रद्द! म्हणजे ते मोजत होतं ती सलग रात्र. आणि मोजणारी होती पानं. एका पानाला पुरेशी रात्र मिळाली तरी सगळं रोप फुलायचं.

हा दिवा ओळखणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. त्याची दोन रूपं आहेत. एक ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश शोषून दुसरं होतं. दुसरं ७३० नॅनोमीटरचा अतिलाल, म्हणजे लाल रंगाच्या अगदी टोकाचा, प्रकाश शोषून परत पहिलं होतं. मध्यरात्री लाल झोत टाकला की झँथियमचं गणित बिघडतं, पण त्यावर लगेच अतिलाल झोत टाकला की बिघाड पुसला जातो! पुन्हा लाल, पुन्हा बिघाड. शेवटचा झोत कुठला, एवढंच रोपाच्या लक्षात राहतं. मला विचाराल तर वनस्पतिशास्त्रातला याहून देखणा प्रयोग नाही.

दीर्घदिन वनस्पतींचं अंतरंग अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या नातलगात उलगडलं. तिच्या पेशीतलं चोवीस तासांचं घड्याळ ‘कॉन्स्टन्स’ नावाच्या जनुकाला दिवस कलताना जोरात कामाला लावतं. तेव्हा अंधार असेल तर त्यातून बनलेलं प्रथिन लगेच मोडीत निघतं. उजेड असेल तर ते टिकतं आणि ‘एफटी’ नावाचं दुसरं प्रथिन बनवून घेतं. हे एफटी पानातून, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून, शेंड्याला पोचतं आणि तिथे पानांऐवजी कळ्या धरतात. अशा निरोप्याला चायलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९३७मध्येच ‘फ्लोरिजेन’ म्हटलं होतं. तो एफटीच, असे भक्कम पुरावे २००७च्या सुमारास हाती आले.

आता औषधाकडे. औषधासाठी सेंट जॉन्स वर्ट फुलोऱ्यात खुडायची जुनी रीत शहाणपणाची होती. त्याच्या कळ्या चुरगळल्या की लाल रंग निघतो. लोक त्याला संताचं रक्त म्हणत; ते असतं हायपेरिसिन, आणि त्याचा साठा मुख्यतः कळ्या-फुलांत असतो. दारावर टांगलेली जुडी भुतं पळवते, हा मात्र निव्वळ भ्रम. पानांवर भोकांसारखे ठिपके दिसतात म्हणून ती जखमा भरते, हा तर्कही तसाच; ते ठिपके तेलाच्या ग्रंथींचे असतात.

आजचा भ्रम अधिक महागात पडतो: ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ सौम्य ते मध्यम नैराश्यावर या वनस्पतीचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. पण तिच्यातलं हायपरफोरिन यकृतातली औषधं मोडणारी विकरं वाढवतं. मग गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांचं रक्तातलं प्रमाण घटतं. डॉक्टरांना न सांगता ती घेणं धोक्याचं आहे.

युरोपीय वसाहतींबरोबर हे रोपटं ऑस्ट्रेलियात पोचलं आणि तिथे उपद्रवी तण ठरलं. ते खाल्लेल्या मेंढ्यांची कातडी उन्हात भाजते. तिथे त्याचा बहर नोव्हेंबर-डिसेंबरात असतो. २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, त्यावर फूल शोधून सापडत नाही. तिथल्या रात्री तेव्हा वर्षातल्या सर्वांत लांब असतात.