ताप आणि बरे होणे : चिनी शब्दसंपदा

प्रमाण चिनी भाषेत ताप येण्याला ‘फाशाओ’ म्हणतात. यातील ‘शाओ’चा मूळ अर्थ जळणे किंवा जाळणे असा असून पाणी तापवण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात, त्यामुळे मराठीत ताप ‘चढतो’, तर चिनीत माणूस ‘एकोणचाळीस अंशांपर्यंत जळतो’. हे अंश सेल्सिअसचे असतात. ‘एकशे दोन ताप’ अशी सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला साडेअडतीस हा आकडा किरकोळ वाटू शकतो. प्रत्यक्षात तो 101.3 अंश फॅरेनहाइट ताप असतो, म्हणून शब्दांबरोबर आकडेही घोटणे अगत्याचे आहे.

वैद्यकीय लेखनात ‘फाशाओ’ऐवजी ‘फारऽ’ (‘रऽ’ म्हणजे उष्णता) हा शब्द येतो. तो जुना आहे. प्राचीन चीनमधील हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेले वैद्य चांग चोंगचिंग यांच्या ग्रंथातही तो थंडी वाजण्याच्या लक्षणाबरोबर आढळतो. 2003 च्या सार्स या श्वसनविकाराच्या साथीत रुग्णालयांनी तापाच्या रुग्णांसाठी वेगळे काढलेले बाह्यरुग्ण विभागही ‘फारऽ मनचन’ याच नावाने ओळखले गेले.

उच्चारात मराठी भाषकाला एक मोठी सोय आहे. चिनीतील अल्पप्राण-महाप्राण भेद (‘प’ आणि ‘फ’सारखा) त्याच्या कानाला परिचित असतो. मात्र चिनी शब्दाच्या रोमन लिपीतील लेखनात ‘डी’ पाहून तो अंशवाचक ‘तू’चा ‘दू’ करतो, हे टाळावे. सूर, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र नव्यानेच शिकावे लागतात, कारण ‘पिंग’ चौथ्या सुरात आजार, पहिल्या सुरात बर्फ आणि तिसऱ्या सुरात पोळीसारखा पदार्थ होतो.

बरे होण्याच्या शब्दांत क्रियापदांची निवड काटेकोर आहे. ताप ‘थ्वे’ होतो, म्हणजे मागे हटतो, आणि तापावरचे औषध म्हणजे ‘थ्वेशाओयाओ’. आजार मात्र ‘हाओ’ होतो. ‘हाओ’ म्हणजे चांगला, आणि मराठीतील ‘बरा’प्रमाणेच तो गुण आणि प्रकृती या दोहोंसाठी चालतो. वाक्याच्या शेवटी बदल दाखवणारा ‘ल’ आला की ‘पिंग हाओ ल’, म्हणजे आजार बरा झाला, असा अर्थ होतो. ‘हाओ तुओ ल’ म्हणजे बराच आराम पडला. गेलेली शक्ती परत येणे ‘ह्वेइफू’, तर आजार पूर्ण बरा होणे ‘छ्यूएनयू’. आजारी माणसाला शुभेच्छा देताना ‘त्साओर खांगफू’, म्हणजे लवकर बरे व्हा, असे लिहितात. समोरासमोर मात्र ‘तुओ ह रऽ श्वेइ’, म्हणजे गरम पाणी भरपूर प्या, हा घरगुती सल्लाच अधिक कानी पडतो.