खानदेशातली आडनावं: हुद्दा, धंदा आणि कूळ

कवयित्री बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, आसोद्याच्या महाजनांच्या घरातला. वडील उखाजी महाजन. भाऊ घमा, घना आणि गना. लग्न करून त्या जळगावला नथूजी खंडेराव चौधरींच्या घरी आल्या. माहेर-सासर दोन्ही लेवा पाटीदार, दोन्ही शेतकरी. पण एका घराचं आडनाव महाजन, दुसऱ्याचं चौधरी आणि समाजाच्या नावात पाटीदार. यातलं गावाचं नाव एकही नाही. दोन हुद्दे आहेत आणि तिसरा शब्द जमिनीच्या हिश्श्याचा, म्हणजे पाटीचा. कोकणात आडनाव विचारलं की गाव कळतं. खानदेशात बहुतेक वेळा कळतं ते एवढंच, की पूर्वी कधीतरी या घराकडे कुठलं काम होतं.

सगळ्यात मोठा गोंधळ अर्थातच पाटलांचा. जुन्या कोरीव लेखांत ‘पट्टकिल’ असा शब्द येतो, त्याचं आपल्याकडे पाटील झालं आणि गुजरातेत पटेल. सारा वसूल करून सरकारात भरायचा, गावातली भांडणं मिटवायची, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करायची. बदल्यात इनाम जमीन आणि मानपान. काम वतनाचं, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं. भाऊ वाढले की वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या पडत. प्रत्यक्ष काम एखादाच बघायचा, पण पाटील म्हणवून घ्यायचा हक्क सगळ्या भाऊबंदांचा. चार-पाच पिढ्यांत अख्खी गल्ली पाटलांची होते ती अशी.

आणि वतन काही एकाच जातीकडे नव्हतं. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या भागांत मराठा पाटील आहेत, गुजर पाटील आहेत, राजपूत पाटील आहेत. तापीकाठी कोळी पाटील आहेत. यावल-रावेरकडे लेवा पाटील आहेत. त्यामुळे ‘आडनाव सांगा, जात सांगतो’ असं म्हणणाऱ्यानं खानदेशात जरा जपून राहावं. महसुली पाटलाचं पद १९६२च्या कायद्यानं गेलं. पोलीस पाटील राहिला, त्याची नेमणूक १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याप्रमाणे होते. आता गावात दोनशे पाटील असतात आणि पोलीस पाटलाचं आडनाव सोनवणे असू शकतं.

बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई २००७ साली राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यांचं पूर्ण नाव सगळ्या देशानं वाचलं: प्रतिभा देवीसिंह पाटील. देवीसिंह हे पतीचं नाव, त्यांचं आडनाव शेखावत. म्हणजे मधलं नाव सासरचं आणि शेवटचं माहेरचं. बाहेरच्यांना हे कोडं वाटलं असेल. इकडे मात्र पाटील हे आडनाव कमी आणि ओळख जास्त, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

मग इतक्या पाटलांतून नेमका पाटील ओळखायचा कसा? सोयरीक जमवताना पहिला प्रश्न हाच: कोणते पाटील? उत्तर कुळाचं येतं. बोरसे, देवरे, शिसोदे, साळुंखे, भदाणे, पवार, निकम. काही घरं लग्नपत्रिकेत ते कंसात छापतात, कारण सारख्याच कुळात लग्न चालत नाही. रोजच्या बोलण्यात तर आडनाव येतच नाही. आप्पा, नाना, बापू, तात्या, आबा, जिभाऊ यांवर सगळं भागतं. फार तर पुढे गावाचं नाव लागतं, ‘बेटावदवाले आप्पा’ असं.

कूळ खरं दिसतं ते कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांना. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, नुकत्या जन्मलेल्या पोराचीही मूठ त्यात येते. नोकरीसाठी पुण्या-सुरतेला गेलेल्याची मूठ चुकत नाही. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. सातबाऱ्यावर पाटील, दाखल्यावर पाटील, पण रोटाला कोणी बसायचं हे ठरतं कुळावरून. माझ्या मते खानदेशात खरं आडनाव हेच. कागदावरचं नंतर आलं.

चौधरी आणि महाजन ही पेठेची नावं. कसब्यातल्या एखाद्या धंद्याचा, बाजाराचा जो मुखिया, तो चौधरी. व्यापारी-उदम्यांचा पुढारी तो महाजन. पुढे हीही पाटलांसारखीच पसरली. लेवांमध्ये चौधरी आहेत, तेली समाजात तर घरोघर चौधरी. महाजन लेवांत आहेत आणि एरंडोल-धरणगावकडे माळी समाजातही आहेत. परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे कुलकर्णी इथेही आहेत, पण ती गोष्ट उभ्या महाराष्ट्राची, तिच्यात खानदेशी असं वेगळं काही नाही.

वेगळं आहे ते धंद्याचं नाव सरळ आडनाव म्हणून लावणं. सोनार, शिंपी, सुतार, लोहार, वाणी, कोळी, माळी, धनगर ही इथे रीतसर आडनावं आहेत. जळगावजवळच्या शिरसोलीत पानमळे पिकवणारे बारी, तर आडनावही बारी. नावापुढे ‘कर’ लावण्याची चाल त्या मानानं थोडी आणि त्याचं कारण साधं आहे. एरंडोलात राहणाऱ्याला एरंडोलकर कोण म्हणणार? गाव सोडून पुण्या-मुंबईला, निदान दुसऱ्या तालुक्याला गेल्यावर ते नाव उपयोगी पडतं. ज्यांनी शेती सोडली नाही, गाव सोडलं नाही, त्यांना त्याची गरजच पडली नाही.

शिरपूर-दोंडाईचा पट्ट्यातले गिरासे हे राजपूत. गिरास म्हणजे जमिनीच्या उत्पन्नातला बांधलेला हक्क, मूळ शब्द ‘ग्रास’. तो हक्क ज्याचा, तो गिरासे. म्हणजे पुन्हा हुद्दा आणि हक्कच.

याहून जुनं काही हवं असेल तर चाळीसगावजवळ पाटण्याला जावं लागतं. तिथला शिलालेख शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं दान दिलं, ते त्यात कोरलं आहे. लेख संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातून काय मिळायचं तो व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत. भास्कराचार्यांच्या घराची वंशावळ त्यात त्रिविक्रमापासून दिली आहे. शांडिल्य गोत्र आहे, पदव्या आहेत, बापाचं नाव आहे. आडनाव मात्र कुणालाच नाही. उलट ‘निकुंभ’ हे तिथे राजवंशाचं नाव आहे आणि आज तेच खानदेशात आडनाव म्हणून भेटतं. प्रत्येक निकुंभाची वंशावळ त्या सोइदेवाला जाऊन भिडते असं मात्र कुणी समजू नये. मोठ्या वंशाचं नाव आश्रितांनी, सैनिकांनी, प्रजेनं घ्यावं ही जुनीच रीत आहे.

सातपुड्याकडे सरकलं की नावं बदलतात. पाडवी, वळवी, वसावे, गावित, पावरा. पावरा लोक आपलं मूळ पावागडाशी जोडतात. इथेही हुद्दे आहेतच: नाईक आणि तडवी ही भिल्लांमधल्या मुखियांची नावं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे आणि १८५७च्या उठावात उतरलेले खाज्या नाईक यांचं ‘नाईक’ त्याच जातकुळीतलं. पाळण्यातलं नाव बऱ्याचदा वारावरून: सोमवारी जन्मला तो सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या. शाळेच्या दाखल्यावर त्याचा सोमनाथ होतो तो मास्तरांच्या कृपेनं.

पाळण्यातल्या नावांत खानदेशाचा हात धरणारं कुणी नाही. सुपडू, उखर्डू, शेनफडू, चिंधू, भिका, दगडू. आधीची मुलं दगावली की पुढच्याला सुपात घालायचं, उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचं, कुणाकडून भीक म्हणून परत घ्यायचं आणि तसंच नाव ठेवायचं. सटवाईची, काळाची नजर अशा टाकाऊ नावावर जात नाही, ही समजूत. मुलाचं नाक टोचलं की तो नथू. ही नावं अडाणीपणाची म्हणून आता हसण्यावारी नेतात, पण त्यामागे किती पाळणे रिकामे झाले असतील याचा हिशेब हसणाऱ्यांनी मांडलेला नसतो. दुसऱ्या बाजूला वारकऱ्यांची नावं: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. मुक्ताबाईंचं स्थान इथेच, पूर्वीच्या एदलाबादेत, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरात. बहिणाबाईंचे चिरंजीव ओंकार आणि सोपानदेव. आणि हिलाल, सुकलाल, झुलाल या ‘लाल’वाल्या नावांत गुजरात-माळव्याचा शेजार ऐकू येतो.

सध्याचं दुखणं वेगळंच. अहिराणी आणि लेवा बोलीत ण आणि ळ फारसे टिकत नाहीत. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘य’. त्यामुळे जुन्या दाखल्यावर सोनवने, आधारवर सोनवणे. एका भावाचं भदाने, दुसऱ्याचं भदाणे. वारसनोंद लावताना तलाठी हे बरोबर पकडतो. मग प्रतिज्ञापत्र, नाहीतर थेट राजपत्रात नावबदल. २०२४मध्ये राज्य सरकारनं सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. आईचं माहेरचं आडनाव, किंवा तिचं कूळ, त्या ओळीत नाही.