नॅव्हिगेशन पट्टी : ब्राउझरनिहाय मांडणीभेद

वेबपानावरील मुख्य दुवे एका ओळीत मांडणारी पट्टी बहुधा यूएल, म्हणजे एचटीएमएलमधील बुलेटच्या, यादीतून घडवतात. सीएसएस (पानाचे रूप व मांडणी ठरवणारे नियम) तेच असूनही पट्टीची उंची, डावी कड किंवा ओळ मोडण्याची जागा ब्राउझरगणिक बदलू शकते. लेखकाने न सांगितलेल्या बाबी प्रत्येक ब्राउझर आपल्या अंगभूत स्टाइलशीटमधून (सीएसएस नियमांच्या संचातून) भरतो, हे त्याचे प्रमुख कारण.

यादीच्या डावीकडचे 40 पिक्सेल मार्जिनचे (घटकाच्या कडेबाहेरील अंतराचे) मानावेत की पॅडिंगचे (कडेच्या आतील अंतराचे), याबाबत पूर्वी एकवाक्यता नव्हती. सीएसएस 2 (1998) च्या परिशिष्टातील नमुना स्टाइलशीटमध्ये ते मार्जिन आहे. परंतु हे परिशिष्ट माहितीपुरते होते, बंधनकारक नव्हे. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांनी मार्जिन धरले, मोझिलाच्या गेको इंजिनाने (ब्राउझरच्या पान रेखाटणाऱ्या भागाने) पॅडिंग. परिणामी केवळ मार्जिन शून्य केले की पट्टी एका ठिकाणी कडेला भिडे, दुसरीकडे 40 पिक्सेल आतच राही. आजच्या एचटीएमएल प्रमाणकात पॅडिंग आहे. बुलेटच्या मागेही यादीचा पार्श्वरंग पोचतो, त्यामुळे तेच अधिक सयुक्तिक वाटते. यादीवर मार्जिन व पॅडिंग दोन्ही शून्य आणि बुलेट काढणारे लिस्ट-स्टाइल नन लिहिले की हा भेद मिटतो. सगळ्या घटकांची अंतरे पुसणारी रीसेट स्टाइलशीटही रूढ आहे. मात्र पट्टीपुरते नियम नंतर तपासायला सोपे जातात.

टक्केवारीतील रुंदीचा दोष वेगळा. 950 पिक्सेलच्या पट्टीत सात फ्लोट (एका कडेला सरकवून शेजारी शेजारी लावलेले) घटक समान वाटले तर प्रत्येकी 135.71 पिक्सेल येतात. 136 धरणाऱ्या जुन्या इंजिनांत बेरीज 952 होऊन सातवा दुवा खालच्या ओळीत घसरे. 135 धरणाऱ्यांत उजवीकडे 5 पिक्सेल मोकळे राहत. त्यात पॅडिंग किंवा बॉर्डर दिलेली असल्यास बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स करावे लागते, नाहीतर ती रुंदी टक्केवारीच्या वर मोजली जाते.

इनलाइन-ब्लॉक (शब्दांसारखे ओळीत बसणाऱ्या) घटकांमधील फट कोडमधल्या नव्या ओळीमुळे पडते: ती रिकामी जागा म्हणून छापली जाते आणि तिची रुंदी फॉन्टनुसार बदलते, 16 पिक्सेलच्या अक्षराला ती साधारण 4 पिक्सेल असते. यादीचा फॉन्ट-साइझ शून्य करून फट जाते, पण दुव्यांची एम (फॉन्ट-साइझवर आधारित) एककातील मापेही शून्यावर येतात.

घटक ओळीत मांडणाऱ्या डिस्प्ले फ्लेक्समध्ये ही फट उरत नाही. फ्लेक्समधील गॅप (घटकांमध्ये अंतर सोडणारा नियम) सफारीत 14.1 (2021) पासून चालते. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी दुसऱ्या दुव्यापासून पुढे डावे मार्जिन देतात. लांब शब्द पट्टीबाहेर जात असल्यास त्या घटकाची मिन-विड्थ (किमान रुंदी) शून्य करावी, कारण फ्लेक्समध्ये ती मुळात ऑटो असते. उंचीतील फरक लाइन-हाइट (ओळीची उंची) नॉर्मल राहिल्याने येतो, 1.5 सारखे एककाविना मूल्य पुरते.