खडकी: एका दुपारच्या लढाईवर उभी राहिलेली वसाहत

लोणावळ्याहून लोकलने किंवा मुंबईहून लांबपल्ल्याच्या गाडीने येताना पुण्याच्या थोडं आधी खडकी लागते. बरेच लोक इथे न उतरताच पुढे जातात. ज्या दिवसाने पेशवाईचा शेवट सुरू झाला आणि खडकीचा जन्मही, तो मात्र इथलाच: ५ नोव्हेंबर १८१७.

रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टनने १ नोव्हेंबरलाच आपली पलटण शहराजवळून हलवून खडकीला आणली होती. मागे मुळा नदी, पुढे गणेशखिंडीपर्यंत मोकळं माळरान. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या हाताखाली अठरा हजारांच्या आसपास घोडदळ, शिवाय पायदळ आणि तोफा. समोर इंग्रजांची जेमतेम तीन हजार माणसं. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. फौज निघताना जरीपटक्याची काठी मोडली, अशी नोंद इतिहासकार ग्रँट डफने केली आहे. पण अपशकुनापेक्षा महाग पडली ती जमीन. इंग्रजांची एक तुकडी पाठलागाच्या भरात रांग सोडून पुढे गेली, तेव्हा गोखल्यांनी निवडक घोडेस्वार तिच्यावर सोडले. इंग्रजांच्या डाव्या फळीसमोर खोल चिखल होता, तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. भरधाव घोडे त्यात रुतले, मागचे पुढच्यांवर आदळले आणि हल्ला तिथेच विस्कटला. त्याच दिवशी पेशव्यांच्या माणसांनी मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह तिच्यात गेला. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

जिंकलेल्या फौजेने खडकी सोडली नाही. इथेच छावणी पडली. जिथे छावणी तिथे बाजार: दाणेवाले, शिंपी, मोची, धोबी, खानसामे, ठेकेदार. पलटणींबरोबर तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबंही आली. खडकी बाजाराचा तोंडवळा सदाशिव पेठेपेक्षा इतका वेगळा का, याचं उत्तर इथे सापडतं. ही पेशव्यांनी वसवलेली पेठ नव्हे, पलटणीच्या गरजेतून वाढलेली वस्ती आहे, आणि तिच्याकडे पुण्याचं शेपूट म्हणून पाहणं मला अन्यायाचं वाटतं.

१८५८ मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाट पार होऊन ती थेट मुंबईला जोडली गेली. पाठोपाठ १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंत्यांची पलटण, इथे आले, ते आजही इथेच आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी आली, १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. मग ‘फॅक्टरीत लागला’ म्हणजे आयुष्याचं झालं, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला. बाप, मुलगा, नातू एकाच गेटातून कामावर गेले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील सरकारी आयुध कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले; खडकीचे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच झालं. कामगार संघटनांचा या बदलाला कडाडून विरोध होता.

होळकर पुलाच्या बाजूला राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथे ओळीने आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या आणखी अठराशेहून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांच्या कबरी भारतात आणि आजच्या पाकिस्तानात विखुरलेल्या असून त्यांची निगा राखणं शक्य नव्हतं. पानशेतपासून सिंहगडापर्यंत सगळं पाहिलेल्या पुणेकरांनीही ही जागा एकदा तरी पाहावी.

खडकीकरांचा रोजचा प्रश्न मात्र जमिनीचा आहे. छावणीतल्या अनेक जुन्या बंगल्यांना ‘ओल्ड ग्रँट’ लागू आहे, म्हणजे इमारत धारकाची, जमीन सरकारची. इतर अनेक मिळकती भाडेपट्ट्यावर. वाढीव खोली काढायची, वाडा पाडून नवा बांधायचा, तरी छावणीच्या (कॅन्टोन्मेंट) बोर्डाची परवानगी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच नदीपलीकडे टोलेजंग इमारती उठल्या, तरी बाजारातली घरं बैठी आणि जुनाटच राहिली.

२०२३ मध्ये हिमाचलातल्या योल छावणीपासून नागरी भाग छावणीतून वेगळे करायला सुरुवात झाली. तेव्हापासून खडकीचा नागरी भाग पुणे महापालिकेत घेण्याची चर्चाही जोरात आहे. पाणी, रस्ते आणि कर महापालिकेकडे जातील, पण केंद्राच्या धोरणानुसार जमिनीची मालकी जिथे सरकारची आहे तिथे ती सरकारकडेच राहणार आहे. त्यामुळे विलीनीकरण झालं तरी भाडेपट्ट्यांचा आणि ओल्ड ग्रँटचा तिढा वेगळाच सोडवावा लागेल.