२० रुपयांचा अपघात विमा: पात्र कोण, कागदपत्रं कोणती आणि दावा कुठे अडतो

पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये वजा झालेले दिसत असतील आणि त्या ओळीत पीएमएसबीवाय अशी अक्षरं असतील, तर त्या खातेदाराचा २ लाख रुपयांचा अपघात विमा उतरवलेला आहे. हीच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती १ जून २०१५ पासून लागू झाली तेव्हा वर्षाचा हप्ता १२ रुपये होता. १ जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. कर्त्या माणसाने बँकेत कधीतरी सही करून दिलेली असते, घरात कुणाला पत्ता नसतो, आणि तो गेल्यावर पासबुक कपाटातच पडून राहतं. म्हणून घरात अपघाती मृत्यू झाला असेल तर मृताच्या प्रत्येक खात्याचं पासबुक बँकेत नेऊन अद्ययावत करून घ्या आणि ही ओळ शोधा.

घ्यावा का? जरूर घ्यावा. एवढ्या हप्त्यात एवढं संरक्षण दुसरीकडे मिळत नाही. मात्र महिन्याला २० हजार कमावणाऱ्याच्या घरी २ लाख म्हणजे दहा महिन्यांचा पगार, हेही लक्षात असू द्या.

पैसे कशाचे मिळतात

अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख. दोन्ही डोळ्यांची दृष्टी किंवा दोन्ही हात अथवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तरी २ लाख. एक डोळा आणि एक हात किंवा पाय गेला तरी तेवढेच. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय गेला तर १ लाख. यादी इथेच संपते. मांडीचं हाड मोडून चार महिने अंथरुणावर काढले तर छदाम मिळत नाही. दवाखान्याचं बिल मिळत नाही. कडबाकुट्टीत दोन बोटं गेली तर पूर्ण हात निकामी झाला असं धरत नाहीत, त्यामुळे तेही यात बसत नाही.

भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू अपघातच मानला जातो. खून झाला तरी वारसांना रक्कम मिळते. आत्महत्येत मिळत नाही. हृदयविकाराचा झटका हा आजार आहे. गाडी चालवताना झटका आला आणि गाडी झाडावर आदळली, तर मृत्यू झटक्याने की धडकेने, हे शवविच्छेदन अहवाल ठरवतो आणि दावा त्याच ओळीवर उभा राहतो.

कोणाला घेता येतो

वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा टपाल कार्यालयात बचत खातं, एवढंच लागतं. वैद्यकीय तपासणी नाही. संयुक्त खातं असेल तर प्रत्येक खातेदार आपापले २० रुपये भरून स्वतंत्रपणे सहभागी होऊ शकतो. नवरा-बायकोचं एकच खातं असलेल्या घरांत ही गोष्ट बहुतेक वेळा सुटते. परदेशात राहणाऱ्यालाही भारतातल्या शाखेत पात्र खातं असेल तर घेता येतो, फक्त दाव्याची रक्कम रुपयांतच मिळते.

शाखेत एक पानी संमतिपत्र भरून द्यायचं असतं. बऱ्याच बँकांच्या नेट बँकिंगमध्येही सोय आहे. संमतिपत्रातला नामनिर्देशनाचा, म्हणजे नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. सुनेचं नाव माहेरच्या आडनावाने लिहिलेलं आणि आधार सासरच्या आडनावाचं, यामुळे रखडणारे दावे कमी नाहीत. नॉमिनी अल्पवयीन असेल तर पालकाचं नावही तिथेच भरायचं.

विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मध्येच, समजा जानेवारीत सहभागी झालात, तरी हप्ता पूर्ण २० रुपयेच कापला जातो आणि संरक्षण ३१ मेपर्यंतच मिळतं. पुढच्या वर्षांचे पैसे बँक आपोआप वळते करते, पण त्या वेळी खात्यात शिल्लक हवी. मजुरी जमा झाली की सगळी काढून घ्यायची सवय असलेल्या खात्यात मेच्या शेवटी ११ रुपये उरलेले असतात आणि विमा तिथेच तुटतो. २० मेच्या सुमारास शंभर रुपये ठेवून द्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंद तपासा. दोन बँकांतून हप्ता कापला जात असेल तर दोन विमे होत नाहीत. रक्कम एकदाच मिळते, दुसरा हप्ता वाया जातो.

मृत्यूचा दावा: पहिल्या दोन दिवसांतले कागद

दावा अडतो तो बहुधा बँकेच्या टेबलावर नाही, त्याच्या कितीतरी आधी. दुःखाच्या घाईत शवविच्छेदन टाळलं जातं, पोलिसांत खबर दिली जात नाही, आणि दोन महिन्यांनी मृत्यू अपघातीच होता हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. रस्ता आणि रेल्वे अपघात, बुडणं किंवा गुन्ह्यातला मृत्यू असेल तर पोलिसांकडे नोंद हवीच. साप चावणं, झाडावरून पडणं अशा घटनांत दवाखान्याची त्याच वेळची नोंद ग्राह्य धरली जाते. ‘त्याच वेळची’ हे महत्त्वाचं. सर्पदंशाच्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेलं आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर दंशाचा उल्लेखच आला नाही, तर नंतर सरपंचांचा दाखला जोडून ते भरून निघत नाही.

विहिरीत पडणं, विजेचा धक्का अशा प्रकरणांत पोलिस सहसा एफआयआर न नोंदवता अकस्मात मृत्यूची नोंद करतात. बँकेत कुणी ‘एफआयआरच आणा’ म्हणून परत पाठवलं तर गोंधळून जाऊ नका. अकस्मात मृत्यूची खबर, घटनास्थळाचा पंचनामा आणि मरणोत्तर पंचनामा यांच्या पोलिस ठाण्याच्या शिक्क्यानिशी प्रती घ्या आणि त्याच जोडा.

शवविच्छेदन अहवाल हातात आल्यावर शेवटचा रकाना वाचा. बुडण्याच्या किंवा विषबाधेच्या प्रकरणात तिथे अनेकदा मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. ‘व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव’ असा शेरा असतो. व्हिसेरा म्हणजे शवातून काढलेले अवयवांचे नमुने. ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला महिनोन्‌महिने लागू शकतात. तोवर थांबू नका. आहेत त्या कागदांवर दावा दाखल करा, अर्जात ‘अंतिम मत प्रलंबित’ असं लिहा आणि तपास अधिकाऱ्याकडे अहवालाचा पाठपुरावा चालू ठेवा.

मृत्यूचा दाखला मिळतो तो मृत्यू जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातून. अपघात साताऱ्याजवळ झाला आणि माणूस पुण्यातल्या रुग्णालयात गेला, तर दाखला पुणे महापालिकेचा. नोंदणीची मुदत २१ दिवसांची. चार-पाच प्रती घ्या, पुढे सगळीकडे लागतात.

यांच्या जोडीला दाव्याचा अर्ज, मृताचं आणि नॉमिनीचं आधार, नॉमिनीच्या पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश, आणि सही केलेली रकमेची पावती. अर्जाचा आणि पावतीचा नमुना शाखेत किंवा जनसुरक्षा संकेतस्थळावर मिळतो. नॉमिनीचं नावच नसेल तर कायदेशीर वारस असल्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला किंवा न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. एका रिकाम्या रकान्यापायी घरच्यांना हा फेरा पडतो.

अर्ज विमा कंपनीकडे पाठवायचा नसतो. ज्या शाखेतून हप्ता कापला गेला तिथेच, अपघातापासून शक्यतो ३० दिवसांत द्यायचा. बँक हप्त्याची नोंद पडताळून तो आपल्या विमा कंपनीला पाठवते. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. ३० दिवस उलटले असतील तरी दावा सोडून देऊ नका. उशिराचं खरं कारण अर्जासोबत लिहून द्या. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असं विमा नियामक इर्डाईने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलेलं आहे.

अपंगत्वाचा दावा

इथे पोलिसांच्या कागदांसोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पाय कापावा लागला असेल तर निर्णय सरळ असतो. लकवा, मज्जातंतूची दुखापत किंवा डोळ्याची इजा असेल तर डॉक्टर उपचार संपेपर्यंत कायमचं प्रमाणपत्र देत नाहीत आणि ‘तात्पुरतं’ असा शेरा मारतात. अशा प्रमाणपत्रावर दावा टिकत नाही, कारण योजनेची अट ‘कायमचं आणि भरून न येणारं’ नुकसान ही आहे. प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांकडेच पाहू नका. ‘४० टक्के अपंगत्व’ दिव्यांगांच्या इतर सवलतींना उपयोगी पडतं. इथे मात्र हात किंवा पाय पूर्णपणे निकामी झाला, असं शब्दांत लिहिलेलं असावं लागतं.

शेतकरी कुटुंबाने हेही पाहावं

महाराष्ट्रात याच रकमांची, पण अगदी वेगळी अशी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ती विमा योजना होती. एप्रिल २०२३ मधल्या शासन निर्णयाने विमा कंपनी बाजूला झाली आणि शासन थेट अनुदान देऊ लागलं. हप्ता नाही, आधी नोंदणीही नाही. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातली खातेदार नसलेली एक व्यक्ती पात्र. अर्ज बँकेत नव्हे, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा. निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. वरच्या कागदांशिवाय सातबारा, वयाचा पुरावा आणि तलाठ्याकडचा गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांची नोंद लागते. वडील जाऊन वर्षं लोटली तरी सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढलेलं नाही, ही नेहमीची गोष्ट. तशा मुलाला खातेदार म्हणून हक्क सांगता येत नाही.

आधीच खिशात असलेले विमे

दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो. तो मिळतो ते आरसीवर नाव असलेला माणूस स्वतः गाडी चालवत असेल आणि त्याचा परवाना वैध असेल तरच. गाडी बापाच्या नावावर आणि रोज चालवतो मुलगा, तर मुलाला हे १५ लाख लागू नाहीत. हप्ता वाचवायला विम्यातून हा भाग वगळून घेणारे बरेच जण असतात. पॉलिसीचा कागद उघडून त्याच्यासमोर रक्कम लिहिली आहे का ते पाहा.

जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघाती विमा आहे: २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाख, त्याआधीच्यांना १ लाख. अट अशी की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाने एक तरी व्यवहार झालेला हवा. कार्ड पेटीत जपून ठेवणाऱ्यांना तो मिळत नाही. दोन महिन्यांतून एकदा शंभर रुपये एटीएममधून काढले तरी पुरतं.

ज्याची कमाई हातापायांवर आहे, गवंडी, वायरमन, रिक्षाचालक, डिलिव्हरी करणारी मुलं, त्याला सगळ्यात जास्त भीती अंथरुणावर जाणाऱ्या महिन्यांची असते आणि वरच्या कुठल्याच विम्यात त्या महिन्यांचे पैसे नाहीत. त्यासाठी ‘सरल सुरक्षा बीमा’ विचारा. इर्डाईने ठरवून दिलेली ही पॉलिसी एप्रिल २०२१ पासून मिळते आणि तिच्या अटी सगळ्या कंपन्यांत सारख्या आहेत. विमा रक्कम अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. बोटं, अंगठा, ऐकू येणं अशा अंशतः नुकसानीलाही टक्केवारी ठरलेली आहे. तात्पुरत्या अपंगत्वाचा पर्याय वेगळा हप्ता देऊन निवडावा लागतो. मग काम बंद असेल तोवर विमा रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे मिळतात. १० लाखांच्या पॉलिसीवर हे आठवड्याला २ हजार रुपये होतात. अर्ज भरताना खरा व्यवसाय लिहा. उंचीवर काम करणाऱ्याने हप्ता कमी बसावा म्हणून ‘दुकानदार’ लिहिलं, तर कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

दावा नाकारला तर

नकार तोंडी घेऊ नका, कारणासह लेखी मागा. हप्ता कापूनही बँकेने नाव कळवलं नसेल तर तक्रार बँकेविरुद्ध, आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. नकार विमा कंपनीचा असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. लोकपालांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. गोव्यातल्या तक्रारी मुंबईकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही. योजनेची चौकशी १८००-१८०-११११ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. फोन करण्याआधी खाते क्रमांक, हप्ता कापल्याची तारीख आणि शाखेने दिलेली पोच समोर ठेवा.