बालपणातच अडकलेला कृमी

सूत्रकृमी म्हटलं की डाळिंब लावणाऱ्याला आधी आठवतात त्या मुळांवरच्या गाठी. आपला आजचा नायक त्याच भावकीतला, पण निरुपद्रवी. कुजक्या फळांवरचे जिवाणू खातो, लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक. नाव मात्र भारदस्त: सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये त्याला हाताशी धरलं. पुढे जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याच्या एकेका पेशीची वंशावळ लिहून काढली. उभयलिंगी कृमीत शरीराच्या १,०९० पेशी जन्मतात, त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात, उरतात ९५९. दर कृमीत हाच हिशोब.

एवढा चोख हिशोब असला की चूक चटकन दिसते. हा कृमी चार वेळा कात टाकून प्रौढ होतो आणि प्रत्येक अवस्थेत कोणत्या पेशीने काय करायचं ते ठरलेलं असतं. लिन-४ हे जनुक बिघडलेले कृमी मात्र पहिल्या अवस्थेचीच कामं पुन्हा पुन्हा करत राहतात. पहिलीच्या वर्गात दरवर्षी नापास होणाऱ्या मुलासारखे. वय वाढतं, अंडी तयार होतात, पण ती बाहेर टाकायचा मार्गच घडत नाही. मग अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि पिल्लं तिलाच आतून खातात.

लिन-१४ निकामी झालं तर नेमकं उलटं. कृमी पहिली अवस्था गाळून थेट दुसरीच्या कामाला लागतो. म्हणजे लिन-१४ बालपण टिकवतं आणि लिन-४ वेळ झाली की त्याला गप्प करतं. पण कसं?

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ व्हिक्टर अँब्रोस लिन-४ च्या मागे होते, त्यांचे सहव्यवसायी गॅरी रुव्हकुन लिन-१४ च्या. अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेला जनुक सापडलं, पण त्यातून प्रथिन काही बनेना! हाती आला तो फक्त आरएनएचा, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या प्रतीचा, २२ अक्षरांचा तुकडा. एवढ्याशा चिंधीने काय होणार, असं कुणालाही वाटलं असतं. १९९२ मध्ये दोघांनी आपापल्या अक्षरमाला एकमेकांना कळवल्या, तेव्हा कोडं सुटलं. लिन-१४ च्या संदेशाच्या, म्हणजे ज्यावरून प्रथिन बनतं त्या आरएनए-प्रतीच्या, शेपटाकडे, जिथे प्रथिनाची माहिती नसतेच, तिथे लिन-४ ला जुळणाऱ्या जागा होत्या. एक नाही, सात. चिंधी तिथे चिकटते आणि संदेश शाबूत असूनही प्रथिन बनणं थंडावतं.

१९९३ मध्ये हे छापून आलं. फारशी खळबळ उडाली नाही. कृमींची काहीतरी खोड असेल, असं बहुतेकांनी धरलं. मला यात त्या काळच्या जीवशास्त्राचा थोडा तोराच दिसतो: प्रथिन बनवत नाही ते कसलं जनुक!

२००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाने लेट-७ शोधलं. हेही असंच चिमुकलं, २१ अक्षरांचं, कृमीला शेवटच्या अळी-अवस्थेतून प्रौढपणात ढकलणारं. या वेळी इतर प्राण्यांतही शोध घेतला गेला. फळमाशीत ते होतं, समुद्री अर्चिनमध्ये होतं, माणसातही होतं, अक्षरन् अक्षर तेच. फळमाशीत तर ते उगवतं अळीपण संपत येतं तेव्हाच. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये, त्या २२ अक्षरांनंतर एकतीस वर्षांनी.